ब्रेनन साहेबाचा भात

ब्रेनन बाई वारल्या तेव्हा शाळेने शोकसभा घेतली. नव्या प्राचार्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी वाचून दाखवलं की बाई अत्यंत प्रेमळ, हसतमुख आणि सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या होत्या. मग दोन मिनिटं शांतता झाली, त्यात कोणाचा तरी मोबाइल वाजला, आणि मग सामोसे आले. मी निघाले तेव्हा अर्धवट खाल्लेले सामोसे बशांसकट खुर्च्यांखाली पडले होते आणि चटणी फरशीवर ओघळत होती. बाई आसामातल्या एका चहाच्या मळ्यात वारल्या. पंचाहत्तरीला टेकलेली ही बाई तिथे काय करत होती, हे सभेत एकानेही विचारलं नाही.

ब्रेनन बाई हसतमुख नव्हत्या. त्यांना किळस यायची. कोणाला लवकर राग येतो, कोणाला लवकर रडू येतं, तशी त्यांना किळस यायची, आणि ती त्या लपवत नसत. नाकपुड्या आत ओढल्या जायच्या, ओठ एका बाजूला सरकायचा आणि त्या म्हणायच्या, "छे, घान आहे." हे गटाराविषयी असे, फार गोड बोलणाऱ्या माणसाविषयी असे, आणि शाळेच्या वार्षिक अहवालाविषयीही असे. मी त्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा त्या इतिहास शिकवत होत्या आणि निवृत्तीला आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि सांगितलं, "तेल जुनं आहे वो. नवऱ्याले सांग."

मराठी त्यांची अशी होती. वडील रेल्वेत गार्ड, लहानपण कामठी-नागपुरात गेलेलं, सांभाळायला तिकडचीच दाई. त्यामुळे इंग्रजी शाळेपुरती, हिंदी बाजारापुरती आणि मराठी मनातली. नागपूरकडच्या जुन्या बायकांसारखं त्याही स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' म्हणत. रंगाने माझ्याहून सावळ्या, डोळे मात्र घारे. छापील सुती फ्रॉक, पायात रबरी चपला. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही. का, असं एकीने विचारलं तर म्हणाल्या, "एका पोट्ट्याले पाहिलं होतं. जेवताना मचमच आवाज करे."

अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे. शाळेच्या एका विश्वस्ताच्या मुलाच्या लग्नात आम्ही सगळ्या गेलो होतो. जेवणाच्या शेवटी उष्ट्या थाळ्या टाकायला प्लास्टिकचे मोठे टप ठेवलेले असतात, तिथे बाई जाऊन उभ्या राहिल्या. एक सुटाबुटातला माणूस आला. त्याच्या थाळीत दोन जिलब्या, पनीर, पुलावाचा ढीग. त्याने ती टपात टाकायला हात पुढे केला तर बाईंनी थाळी खालून धरली.

"ये किसने लिया था?" त्यांनी विचारलं.

तो हसला. "अरे दीदी, टेंशन मत लो. शादी है."

"मैं पूछ रही हूँ, लिया किसने था?"

"मैंने."

"तो खाओ. मैं खड़ी हूँ."

मागे रांग लागली. तो माणूस इकडेतिकडे बघत राहिला आणि शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून खरंच खायला लागला. विश्वस्तांनी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांमार्फत नापसंती कळवली. बाई म्हणाल्या, "त्याईले सांगा, मलेपन त्याईची नापसंतीच आहे."

या किळसेतून एकच जागा सुटली होती, त्यांचं घराणं. दरवर्षी आठवीच्या वर्गात त्या पुस्तक मिटून पणजोबांची गोष्ट सांगत. मायकेल ब्रेनन आयर्लंडातला शेतकऱ्याचा मुलगा. एका वर्षी बटाटे जमिनीतच सडले. घरात खायला दुसरं काही नव्हतं, कारण गहू पिके तो जमीनदाराचा होता आणि तो बोटीत भरून बाहेर जात होता. मायकेल आईबरोबर बंदराकडे चालत निघाला. आई वाटेत बसली ती उठली नाही. तिचं तोंड हिरवं झालेलं होतं. गवत खाल्लं होतं तिने. पोरगा पुढे गेला, कंपनीच्या पलटणीत ढोल वाजवायला भरती झाला आणि कामठीच्या छावणीत आला. 'तोंड हिरवं' म्हटल्यावर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. बाई स्वतः बटाटा घरात आणत नसत. सडलेल्या बटाट्याचा वास आपल्या रक्तात आहे, असं त्या सांगत, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर तसा होई.

गोष्टीचा दुसरा भाग त्यांच्या आजोबांचा. मायकेलचा मुलगा थॉमस रायपूरला आला आणि ठेकेदारी करू लागला. मग इकडे दुष्काळ पडला, मोठा, ज्याचं नाव अजून म्हातारी माणसं काढतात. "तवा माह्या आजोबांनं आपल्या अहात्यात, त्या मोठ्या आवारात, चुली लावल्या," बाई सांगत. "खेड्याखेड्यातून लोक यायचे. आजी म्हने, भाताची हंडी कधी उतरलीच नाही. ज्याची आजी गवत खाऊन मेली, त्यानं लोकाईले भात खाऊ घातला." इथे त्यांचा ओठ सरळ असायचा. मला वाटतं, बाकी सगळ्या जगाला 'घान' म्हणण्याचा हक्क त्या या एका गोष्टीवर सांभाळून होत्या.

निवृत्तीनंतरही माझं त्यांच्याकडे जाणं-येणं राहिलं. एका हिवाळ्यात त्यांच्या चुलतभावाचा मुलगा केविन ऑस्ट्रेलियाहून आला. चाळिशीचा, गुबगुबीत, गळ्यात कॅमेरा. तो पूर्वजांच्या शोधात निघाला होता. आयर्लंडला जाऊन आला होता आणि आता रायपूर. आल्या आल्या त्याने बाईंना प्लास्टिकची एक नळी दिली आणि तिच्यात थुंकायला सांगितलं. त्यावरून म्हणे रक्त कुठलं, किती टक्के, ते कळतं.

बाईंनी नळी उजेडात धरून पाहिली. "ही थुंकी विमानानं जाईन?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाई."

"आन तिकडे कोनी शिकलेला मानूस बसून ती पाहीन?"

"हो."

"छे," त्या म्हणाल्या आणि नळी त्याला परत दिली.

केविन चिडला नाही. त्याला कशानेच काही होत नसे. त्याने उत्साहाने सांगितलं की आयर्लंडात त्या भुकेच्या काळाची सहल निघते, पडक्या झोपड्या दाखवतात, आणि शेवटी तेव्हा मिळत असे तसं पातळ सूप प्यायला देतात. तिकिटातच असतं. तो त्या सुपाचा स्वतःबरोबरचा फोटो दाखवत होता. अंगठा वर केलेला. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग उठून त्याच्यासमोरची बिस्किटांची बशी उचलून आत ठेवून आल्या.

तरी त्याने काम केलं हे खरं. तो स्टेशनच्या बाजूला हिंडला, आजोबांचा अहाता कुठे असेल त्याचा अंदाज काढला. तिथे आता टायरची दुकानं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून त्याने व्हिडिओ केला आणि इंटरनेटवर टाकला: रायपूरचे थॉमस ब्रेनन, भुकेल्यांचे अन्नदाते. बाईंना व्हिडिओचा तिटकारा आला, पण त्यांनी तो माझ्या फोनवर पुन्हा लावायला सांगितला.

तो परत गेला आणि थोड्या दिवसांनी बाईंचा मला फोन आला. आवाज वेगळा होता. "ये वो सुनंदा. केविनचा व्हिडिओ पाहून आसामातून एक मानूस येऊन राहिला. त्याच्या घरी आजोबांचं नाव माहीत आहे. त्याचे लोक इथं भात खाऊन गेले." त्यांनी पुलाव केला होता. ठेवणीतल्या काचेच्या बशा काढल्या होत्या.

आलेला माणूस पन्नाशीचा, बारीक, इस्त्रीच्या शर्टातला. नाव लखन. आसामात मळ्यातल्या मुलांच्या शाळेत मास्तर. घरात अजून छत्तीसगढी बोलतात, पण त्यांच्या चार पिढ्यांत रायपूर पाहिलेला तो पहिलाच. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. तो भांडायला आला नव्हता. त्याला फक्त आपलं गाव शोधायचं होतं आणि ब्रेनन हे एकच नाव त्याच्या हाताशी होतं.

"आपके यहाँ मेरे दादाजी को याद करते हैं?" बाईंनी विचारलं.

"जी. एक कहावत है हमारी लाइन में," लखन म्हणाला. मळ्यातल्या मजुरांच्या चाळींना ते लाइन म्हणतात. "कोई बच्चा बिना बताए कहीं चला जाए, देर से लौटे, तो बूढ़े लोग पूछते हैं, 'बिरनन के भात खाए बर गे रेहेस का?'"

ब्रेननचा भात खायला गेला होतास का? बाई हसल्या. त्यांना वाटलं, हे प्रेमाचं असणार.

लखनने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की बाईंना माहीतच नाही. तो घुटमळला. पुलावाच्या बशीत त्याने चमचा खाली ठेवला. "मैडम, रहने दीजिए," तो म्हणाला. "मुझे गाँव का ही पूछना था."

"बोलो," बाई म्हणाल्या. हा आठवीच्या वर्गातला आवाज होता.

त्याने सांगितलं. सावकाश, उगाच आवाज न चढवता. अहात्यात भात खरंच मिळत होता. पोटभर. पण आत जाताना अंगठा घेत. ज्याने भात खाल्ला तो करारात आला. फाटक बाहेरून बंद होई. आत माणसं पुरेशी साठली की त्यांना रेल्वेत घालून आसामच्या मळ्यांवर पाठवत. डोकी मोजून साहेबाला पैसे मिळत. लखनच्या आजोबांची आई भात खायला आली तेव्हा आजोबा तिच्या कडेवर होते. मोठा मुलगा तापाने फणफणलेला, त्याला ती सासूजवळ ठेवून आली होती. येताना पदरात बांधून भात आणते, असं त्याला सांगून आली होती. पदरात तिने तो बांधलाही होता. फाटकावर तिने रडून सांगितलं तेव्हा दरवान म्हणाला, तू खाल्लास ना, मग झालं. तो भात गाडीत वास यायला लागेपर्यंत तिने सोडला नाही.

खालून स्कूटरींचे हॉर्न येत होते.

"लड़का?" बाईंनी विचारलं. "जो घर में था?"

"वही नहीं पता, मैडम. दादी-परदादी सब यही पूछते-पूछते मर गईं कि वो बचा या नहीं. इसीलिए आया हूँ."

बाई उठून मोरीवर गेल्या. ओकारीचा आवाज आला. मी मागे गेले तर हाताने थांबवलं. तोंड धुऊन आल्या, लखनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गाँव का नाम क्या बताते थे?"

रात्री त्यांनी केविनला फोन लावायला सांगितला. केविन म्हणाला की हे सगळं त्या काळाच्या संदर्भात पाहिलं पाहिजे. तेव्हा सगळेच करत होते. शेवटी त्यांना काम मिळालं, जीव वाचला. व्हिडिओ काढून टाकायची गरज नाही. आणि त्या मास्तरांची एक मुलाखत मिळाली तर फार चांगलं होईल.

"माह्या पनजोबांच्या दारातून गहू नेनारेपन हेच म्हनत असतीन," बाई मला म्हणाल्या. त्याला इंग्रजीत काय सांगितलं ते मी लिहीत नाही. मग त्यांनी फोन ठेवला. "पाहाय वो," त्या म्हणाल्या, "भूक काय असते हे माह्या आजोबाले घरातच माहीत होतं. बापानं सांगितलं असन. म्हनून तर त्याले समजलं, भुकेला मानूस कशाले अंगठा देईन ते. दुसऱ्या कोनाले हे सुचलं नसतं."

लखन आठवडाभर राहिला. गावाचं नाव घरात 'कोसमडीह' असं आलं होतं, आणि त्या नावाची गावं एकाहून जास्त. आमची गाडी होती. हे चालवायला, पुढे लखन, मागे बाई आणि मी. उन्हं तापायला लागली होती. पहिल्या गावात काही लागलं नाही. सरपंचाने मात्र बाईंना परदेशी समजून खुर्ची टाकली, हार आणवला आणि शाळेच्या भिंतीसाठी काही मदत मिळेल का विचारलं. बाईंनी हार घातला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "ह्याले तरी मी काहून नाव ठेवू."

दुसऱ्या गावात तळ्याच्या पाळीवर बसलेल्या माणसांनी लखनचं सगळं ऐकून घेतलं आणि एका घराकडे बोट दाखवलं. "अगोरिया घर," ते म्हणाले. अगोरणं म्हणजे वाट बघणं. त्या घरात फार म्हातारी सून होती, तिला दिसणं जवळजवळ बंद झालेलं. तिने सांगितलं, आपल्या सासऱ्याचं खरं नाव कोणी घेतच नसे. लहानपणी त्याची आई भात आणायला गेली ती आली नाही. ताप उतरल्यापासून तो गावाच्या वेशीवर बसायचा. मोठा झाला, लग्न झालं, लेकरं झाली, तरी संध्याकाळी एकदा तिथे जाऊन यायचा. म्हणून अगोरिया.

लखन तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्याला रडू आवरेना. म्हातारीने त्याचं तोंड चाचपून पाहिलं. मग तिने घरातल्या पोरींना हाक मारली आणि आम्हा सगळ्यांपुढे बासी आली, पाण्यात भिजवलेला आदल्या दिवशीचा भात, कांदा, मीठ.

बाईंनी वाटीला हात लावला नाही. त्या उभ्या राहिल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, जिसने उनको भेजा, वो ब्रेनन साहब मेरे दादा थे. आपको मालूम होना चाहिए."

म्हातारीने मान वळवली. "कोन साहब?"

"ब्रेनन."

"नइ जानँव," म्हातारी म्हणाली. इथे ते नाव कधी आलंच नव्हतं. आई गेली एवढंच या घराला माहीत होतं. कुठे, कोणी नेलं, ते सांगायला परत कोण येणार होतं? लखनने तिला छत्तीसगढीत समजावलं. तिने ऐकलं, मग हवेतच हात हलवला. "जुन्ना बात ए. तैं खा ले दाई, घाम म आए हस." जुनी गोष्ट आहे, तू खाऊन घे, उन्हातून आली आहेस, एवढंच.

बाईंनी खाल्लं. प्रत्येक घास गिळायला त्यांना किती त्रास होत होता ते मी शेजारून पाहिलं. वाटी मात्र पूर्ण रिकामी केली, पाणीसुद्धा प्यायल्या.

परतताना रायपूर जवळ आल्यावर बोलल्या. "नाव माहीत नाही म्हटलं तिनं, तवा मले हायसं वाटलं सुनंदा. एकदम हायसं. आन आता त्या हायसं वाटन्याची मले घान येऊन राहिली."

लखन आसामला गेला. त्याने तिकडे सगळ्यांना सांगितलंच असणार, पोरगा जगला म्हणून. पण बाईंचं समाधान होईना. त्यांनी केविनला व्हिडिओ काढून टाकायला लावला. बूढ़ापाऱ्यातल्या खोल्या सोडल्या, सामान वाटलं, काचेच्या बशा माझ्या गळ्यात मारल्या. पावसाळा संपला तशी त्या स्टेशनवर निघाल्या. मी पोचवायला गेले. डब्यात चढून त्यांनी रुमालाने बाक पुसला, शेजारच्याच्या मोज्यांकडे बघून नाक मुरडलं आणि खिडकीशी बसल्या.

"बाई, तिथे जाऊन तुम्ही काय सांगणार आहात?" मी विचारलं.

"नाव सांगतो. तिथं ते नाव माहीत आहे."

"आणि लोक काही बोलले तर?"

"त्यासाठीच जाऊन राहिलो ना वो," त्या म्हणाल्या. "इथं तर जो तो जेऊच घालून राहिला."

गाडी हलली. त्यांनी हात केला नाही, त्यांना ते आवडत नसे.

काही दिवसांनी लखनचा व्हिडिओ कॉल आला. बाई नीट पोचल्या, शाळेत पोरांना शिकवायचं म्हणताहेत, असं तो सांगत होता. मागे बाईमाणसाचा चढा आवाज येत होता. थांबत नव्हता.

"कोण आहे?" मी विचारलं.

"हमारी बड़ी काकी है, दीदी," तो हळू आवाजात म्हणाला. "सुबह से बोल रही है. हमने रोका, तो मैडम ने हमको ही डाँट दिया."

त्याने फोन वळवला. शेणाने सारवलेलं अंगण. एक वाळकी म्हातारी उभी राहून हातवारे करत होती, मेलेल्यांची नावं एकेक करून घेत होती आणि मधूनमधून शिव्या देत होती. तिच्यापुढे लाकडी पाटावर ब्रेनन बाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. ओठ कुठेही सरकलेला नव्हता. म्हातारी दम खायला थांबली तेव्हा बाईंनी शेजारचा पाण्याचा लोटा उचलून तिच्या हातात दिला, ती प्यायली, आणि पुढचं ऐकायला बाई परत तशाच बसल्या.